लोकोचे नवे अकरा

दौंडच्या रेल्वे क्वार्टरांत साराबाई गायकवाडला लोक दोन गोष्टींसाठी ओळखायचे. एक तिची शिलाई आणि दुसरा तिचा आवाज. शिलाई ती शिरूरच्या मिशनच्या शाळेत शिकली होती. आवाज मात्र जन्माचाच. लोकोशेडच्या हॉकी टीमची मॅच असली, की ग्राउंडच्या पलीकडं मालगाडीचं शंटिंग चालू असलं तरी साराबाईचं ओरडणं पंचाच्या कानापर्यंत बरोबर पोचायचं. बायामाणसानं असं ओरडू नये, असं पहिल्या वर्षी दोघाचौघांनी सांगून पाहिलं. दुसऱ्या वर्षी तेच लोक तिला पुढं जागा करून द्यायला लागले.

टीमचे शर्ट गेली नऊ वर्षं तीच शिवत होती. निळं कापड, पांढरी कॉलर. तिचा नवरा डेव्हिड लोकोशेडमध्ये फिटर होता, पण त्याला हॉकीतलं ओ की ठो कळत नसे. ड्युटी, रविवारची उपासना आणि क्वार्टरमागचा वांग्याचा वाफा, एवढ्यात तो सुखी होता.

एकोणसाठ सालच्या जानेवारीत, नव्या वर्षाची उपासना होऊन चार दिवसही झाले नसतील, तेव्हा टीमचे सेक्रेटरी आनंदराव जगदाळे कापडाचा गठ्ठा घेऊन आले. हे शेडच्या ऑफिसात क्लार्क. माणूस शांत, पण आज जरा जास्तच शांत वाटला.

"अकरा शर्ट, साराबाई. शिरूरची मॅच सतरा तारखेला हाय."

दर वर्षी दौंडचं लोको आणि शिरूरचं मिशन यांच्यात ढालीसाठी मॅच व्हायची. यंदा ती शिरूरच्या मैदानावर होती. आनंदरावांनी हळूच एक चिठ्ठी पुढं केली.

"मापं कशाला आणली? मला पाठ हायत सगळी."

"चार नवी हायत," आनंदराव म्हणाले आणि उगाच छताकडं बघायला लागले.

साराबाईनं चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग मशीनवरचा पाय काढून ती सरळ बसली.

"चार? अकरातली चार?"

"डेरेकसाहेब ऑस्ट्रेलियाला चालला, आईला घेऊन. फेब्रुवारीत बोट हाय, तोवर हातपाय मोडून घ्यायचे न्हाईत म्हणून खेळत न्हाई. गोलकीपरची सोलापूरला बदली झाली. फुलबॅकचा गुडघा गेला, ते तुम्हाला ठाऊकच हाय."

डेरेक म्हणजे लोकोचा सेंटर फॉरवर्ड. अँग्लो-इंडियन ड्रायव्हर, सहा फूट उंच. बॉल घेऊन निघाला की समोरचे फुलबॅक आपसूक बाजूला व्हायचे. तो नसलेली टीम साराबाईला डोळ्यांपुढं आणताच येईना.

"ही तीन झाली. चौथा कोण?"

"योहान," आनंदराव म्हणाले. "शिरूरला मिशनच्या शाळेत खेळाचा मास्तर लागला. आता तिकडनं खेळणार."

हे ऐकून साराबाईचा चेहरा असा झाला, की आनंदरावांनी चहाची वाट न बघता चपला पायांत सरकवल्या. योहान तिच्या भावाचा मुलगा. तीन वर्षं तिच्याच घरी राहून तो शेडमध्ये नोकरी करत होता आणि लोकोचा सेंटर हाफ म्हणून खेळत होता. नाताळाला गावी गेला तो अजून आला नव्हता. रजा वाढवली असेल, असं ती धरून चालली होती.

दुपारी डेव्हिड जेवायला आला, तेव्हा तिनं विचारलं, "योहान आपल्याला सोडून शिरूरकडनं खेळणार, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

डेव्हिडनं भाकरीचा तुकडा हातातच धरला. "पत्र आलं होतं त्याचं. कपाटात ठेवलंय."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"नाताळाचे दिवस होते. म्हटलं, तू जेवायची न्हाईस."

ती खरंच जेवली नाही. पण संध्याकाळी साडेपाच वाजता चपला घालून ती प्रॅक्टिस बघायला मैदानावर हजर होती. टीम बुडाली असेल, तर किती बुडाली ते आपल्या डोळ्यांनी बघितलेलं बरं.

गोलमध्ये उभा होता पाटसचा हौसराव. तालमीतलं अंग, खांद्यांवर मान दिसतच नाही. स्टिक त्याच्या हातात लाटण्याएवढी दिसत होती आणि तो ती फारशी वापरतही नव्हता. बॉल आला की पाय, मांडी, पोट, जे पुढं येईल ते लावायचा. साराबाईनं कपाळाला हात लावला. मग तिच्या लक्षात आलं, की ती आल्यापासून पंधरा बॉल मारले गेले होते आणि आत एकच गेला होता. तिनं कपाळावरचा हात काढला.

डेरेकच्या जागेवर मात्र कोण उभा आहे, ते तिला आधी दिसलंच नाही. मग दोन फुलबॅकच्या मधून एक बुटका, काटकुळा गडी बॉल घेऊन निसटला. त्यानं बॉल हवेत जरासा उडवला, मनगट फिरवलं आणि बॉल असा सणकून गोलमध्ये गेला, की साराबाई "अगं आई!" म्हणून उठून उभी राहिली. त्याच क्षणी शिट्टी वाजली. गोल नाही. स्टिक खांद्याच्या वर गेली होती आणि ते नियमात बसत नव्हतं. पुन्हा बॉल आला, पुन्हा तसाच घाव, पुन्हा शिट्टी. पाच वेळा गोल आणि पाचही वेळा फाउल.

"कोण वो हा?" तिनं विचारलं.

कडेला डेरेक उभा होता, ड्युटीच्या काळ्या कपड्यांतच. त्याची हिंदी रेल्वेतली होती. "कोंडिबा. नया खलासी है. गाँव में गिल्ली-डंडा खेलता था. कलाई देखो, साराबाई! मेरे पास भी ऐसा कलाई नहीं. लेकिन हाथ बहुत ऊपर जाता है. मैं रोज बोलता हूँ, वो हाँ बोलता है, फिर भी हाथ ऊपर."

साराबाई घरी आली ती जवळजवळ पळतच. तिच्या डोक्यात एक गोष्ट शिरली होती आणि ती निघायला तयार नव्हती. वीस वर्षं विटीदांडू खेळलेला हात सांगून खाली राहणार नाही. तो धरून ठेवायला पाहिजे. आणि हात धरून ठेवणं हे तिचं काम होतं. शर्टाचा मुंढा खोल कापला, म्हणजे बाही काखेतून खूप खाली जोडली, की हात वर करताना सगळा शर्ट वर ओढला जातो. नवशिक्या शिंप्याची ती चूक. आपण ती मुद्दाम करायची. पण शर्ट वर सरकून चालणार नाही. मग घेराला मागंपुढं चार बटणं आणि हाफपँटच्या पट्टीला चार काजं, लहान पोरांच्या कपड्यांना असतात तशी.

दोन दिवसांत शर्ट तयार झाला. कोंडिबा घालून बघायला आला आणि घातल्यावर कावराबावरा झाला.

"मावशी, हात वर व्हईना."

"किती होतो?"

"खांद्यापत्तोर."

"झालं तर मग. तेवढाच पाहिजे. उद्यापासनं ह्याच शर्टात खेळायचं. धुवायला काढलास तर बघ."

पहिल्या दिवशी कोंडिबानं रागानं दात ओठ खाल्ले. दुसऱ्या दिवशी शिट्टी चारदा कमी वाजली. सहाव्या दिवशी ती वाजलीच नाही आणि डेरेकनं मैदानाच्या मधोमध टोपी काढून साराबाईला सलाम ठोकला. रात्रंदिवस तिच्या डोक्यात एकच मोजदाद चालली होती: गोलमध्ये हौसराव, तिथं काळजी नाही. पुढं कोंडिबा. फुलबॅकला बबन नावाचा सिग्नलवाला आला होता, तो धीमा होता पण धांदरट नव्हता. सेंटर हाफचं मात्र भोक तसंच राहिलं होतं. योहानच्या जागेवर आनंदरावांनी एका गार्डाला उभं केलं होतं. तो चांगला होता, पण योहान नव्हता.

सतराला सकाळी टीम ट्रकनं निघाली. साराबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, बाकी सगळे मागं. डेव्हिडही आला होता. बायकोचा भाऊ भेटेल, त्याला द्यायला म्हणून टोपलीभर वांगी घेऊन. पाटसला ट्रक थांबला, तिथं हौसरावच्या घरच्यांनी कांदा-भाकरीची गाठोडी आत दिली. चौफुल्याहून वळून भीमा ओलांडली, न्हावरं मागं टाकलं, आणि शिरूर जवळ आलं तसं साराबाई पुन्हा पुन्हा पदर सारखा करायला लागली. हे तिचं माहेर. ज्या चर्चमध्ये तिचं लग्न लागलं त्याच्याच मागचं मैदान. आणि तिला आज तिथं जाऊन माहेरच्या विरुद्ध ओरडायचं होतं.

मैदान माणसांनी भरून गेलं होतं. योहान शिरूरच्या लाल शर्टात उभा होता. तो पळत आला, वाकून म्हणाला, "सलाम आत्या."

"सलाम," ती म्हणाली. "लाल रंग शोभत न्हाई तुला."

दोघांनी स्टिकवर स्टिक आपटून बुली केली आणि खेळ सुरू झाला. पहिली दहा मिनिटं लोकोला बॉल दिसलाच नाही. योहान मैदानाच्या मधोमध असा उभा, की बॉल जणू त्याच्याकडं आपण होऊन चालत येत होता. आणि कोंडिबामागं शिरूरचा लेफ्ट हाफ प्रभुदास सावलीसारखा लागला होता. विसाव्या मिनिटाला योहाननं गोलपुढच्या डीच्या टोकावरून असा फटका मारला, की हौसरावच्या मांडीला लागूनही बॉल आत गेला.

साराबाईनं टाळ्या वाजवल्या.

आनंदरावांनी तिच्याकडं बघितलं. तिनं स्वतःच्या हातांकडं बघितलं आणि ते पदराखाली घेतले. "फटका चांगला होता," ती पुटपुटली.

हाफटाइमनंतर मात्र खेळ पालटला. गार्डाला योहानची चाल कळायला लागली होती. त्यानं दोनदा त्याच्या स्टिकखालून बॉल काढून घेतला. साराबाईचा आवाज आता उघडला. "कोंडिबाऽ, उजवीकडं! बबन, पुढं ये की रं!" लोक मॅच सोडून तिच्याकडं बघायला लागले. आणि प्रभुदास क्षणभर चुकला. कोंडिबा त्याच्या बगलेतून निसटला, बॉल जमिनीलगत, हात खांद्याखाली, मनगटाचा एक हिसका. एकास एक! साराबाईनं शेजारच्या बाईला मिठी मारली. ती बाई प्रभुदासची आई निघाली, पण तिनंही हसून मिठी मारून घेतली.

पाच मिनिटं राहिली. शिरूरला पेनल्टी कॉर्नर मिळाला. योहाननं मारलेला बॉल हौसरावनं छातीवर घेतला, धप्प असा आवाज आला, आणि तो बॉलसकट खाली बसला नाही, तर बॉल पुढं लाथाडून उभाच राहिला. बॉल बबनकडं, बबनकडून गार्डाकडं. कोंडिबा मधे घुसला. तिथं तिघा-चौघांची झटापट झाली, धूळ उडाली आणि त्यातून कोंडिबा बाहेर पडला तो शर्ट लोंबत. घेराची चारही बटणं तुटली होती. शर्ट पार वर सरकला होता.

आता त्याचा हात मोकळा होता. समोर फक्त गोलकीपर, बॉल टप्पा घेत कमरेएवढा उडालेला, अगदी विटी उडते तसा. एवढ्या मोहाचा बॉल!

"हात खालीऽऽ!" तिनं जीव खाऊन आरोळी ठोकली. चर्चच्या झाडावरचे कावळे उडाले.

कोंडिबा थांबला. खरंच थांबला, अर्ध्या क्षणापुरता. त्यानं बॉल खाली पडू दिला, स्टिक कमरेखाली ठेवली आणि नुसत्या मनगटानं तो गोलकीपरच्या डाव्या पायाजवळून आत सारला. पंचाकडं सगळ्यांचे डोळे लागले. पंचानं हात मैदानाच्या मध्याकडं केला. गोल!

पुढं काय झालं, ते साराबाईला नीट आठवत नाही. डेव्हिड सांगतो, की ती मैदानात धावली, हौसरावच्या पाठीवर बुक्क्या मारल्या आणि मग रडली. डेव्हिड स्वतः वांग्यांच्या रिकाम्या, पालथ्या टोपलीवर उभा राहिला होता, हे मात्र तो सांगत नाही.

ढाल आनंदरावांच्या हातात आली, चहा झाला. योहान आत्याजवळ आला. घामानं भिजलेला, पण चेहरा पडलेला नव्हता. "आत्या, माझ्या गोलला टाळ्या वाजवल्यास ना? मी बघितलं."

"वाजवल्या. तू सांगून गेला असतास, तर जास्त वाजवल्या असत्या."

योहाननं मान खाली घातली. "तुझ्यापुढं उभं राहून सांगायचा धीर न्हाई झाला."

तिनं त्याच्या केसांतली धूळ झटकली. "मास्तरकी बरी चाललीय?"

"लई बरी. चाळीस पोरं हॉकी खेळायला येत्यात."

"मग शिकीव," ती म्हणाली. "चांगली शिकीव. त्यांतली निम्मी रेल्वेत भरती व्हतील आन् आमच्याकडंच येतील."

तो मोठ्यानं हसला आणि तीही हसली.

परतीच्या वाटेवर उन्हं कलली होती. मागं ट्रकमध्ये गाणी चालली होती. साराबाई एकाएकी ड्रायव्हरच्या आणि तिच्या मधे बसलेल्या आनंदरावांकडं वळली.

"तो प्रभुदास बघितला का? शिरूरचा लेफ्ट हाफ?"

"बघितला की. एकदा सोडलं तर कोंडिबाला हलू दिलं न्हाई त्यानं."

"त्याला मधी उभा केला, तर सेंटर हाफ व्हईल. त्याची आई मला म्हणाली, त्यानं रेल्वेचा अर्ज भरलाय. पुण्यात मुलाखत हाय पुढच्या महिन्यात."

आनंदराव हसायला लागले. "साराबाई, मॅच संपून दोन तास झाले न्हाईत. ढाल अजून मांडीवर हाय माझ्या."

"असू द्या मांडीवर. शेडमध्ये जागा निघाली, तर दौंडच मागून घे म्हणावं त्याला. तुम्ही साहेबांच्या कानावर घाला. डेरेकसाहेब जायच्या आधी एकदा त्याचा खेळ बघू दे, तो सांगंल पोरगा कसा हाय ते."

आनंदरावांनी ढाल ड्रायव्हरच्या बाजूला सरकवली आणि खिशातून पेन्सिल काढली.

"पूर्ण नाव सांगा," ते म्हणाले.