मावशीच्या टाचेतून गेलेला प्रवाह

सभागृहात बासष्ट खुर्च्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. भिंतीला टेकून आणखी एकोणीस माणसं उभी. समोरच्या टेबलावर एक काळी पेटी, तिच्यावर शून्य ते पाच आकड्यांची तबकडी, तबकडीत एक काटा. पेटीतून दोन वायरी निघालेल्या. एक मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात सोडलेली, दुसरी जमिनीवरच्या पितळी पत्र्याला जोडलेली. सामान एवढंच. बाकी सगळं काटेबाबांच्या तोंडात होतं.

"आजार शक्तीची वाट अडवतो," ते सांगत होते. "आजार निघाला की वाट मोकळी. वाट मोकळी झाली की काटा पुढं. या पेटीतून हजार सूर्यांचं तेज वाहतंय. मी कोण? मी नुसता काटा वाचणारा."

माझ्या मावशीनं हात वाडग्यात बुडवला आणि उजवी टाच पत्र्यावर ठेवली. काटा सरसर तीनवर गेला. टाळ्या पडल्या. ती पहिल्यांदा आली होती तेव्हा तो जेमतेम थरथरला होता.

मावशी कपडे शिवते. पायानं चालवायचं मशीन, त्यावर तिचं घर चालतं. मधुमेह जुना, तळपाय बधिर. टाचेला जखम झाल्याचं तिला चपलेत रक्त दिसलं तेव्हा कळलं. डॉक्टर रोज पट्टी बदलायला बोलवायचे. बाबांनी पट्टीच काढायला लावली. पट्टीनं म्हणे तेज अडतं.

"अगं, पायाला काही कळत नाही, म्हणून तर काट्यावर भरवसा," ती मला म्हणायची. "यंत्र कशाला खोटं बोलेल?"

यंत्र खोटं बोलतच नव्हतं. माझी सगळी पंचाईत तिथंच होती.

मी पिशवीतून वीज मोजायचा माझा मीटर काढला आणि पुढं गेले. "बाबा, जरा मोजू?"

"मोज की, बाळ. आम्हाला लपवायचंय काय?"

पेटीचा दाब भरला नऊ व्होल्ट. तबकडीवरचे आकडे मिलिअँपिअरचे निघाले. मी लोकांकडे वळून हिशेब सांगितला. दाबाला प्रवाहानं भागलं की रोध मिळतो. मावशी पहिल्यांदा आली तेव्हा काटा शून्याच्या पुढं एका बारीक रेघेवर होता, म्हणजे एक दशांश मिलिअँपिअर. रोध नव्वद हजार ओहम. आज तीन मिलिअँपिअर. रोध तीन हजार.

"बघा," बाबा म्हणाले, "सत्त्याऐंशी हजारांचा आजार गेला. शिकलेली पोर सांगतेय."

पुन्हा टाळ्या.

"आजार नाही गेला, कातडी गेली," मी म्हणाले. "वीज अडवते ती कोरडी, जाड कातडी. हात तर तुम्ही सगळ्यांचेच मिठाच्या पाण्यात घालता, तिथं काही अडत नाही. उरते टाच. जखम ओली झाली, पसरली, की वीज सुसाट जाते. आणि तेजाचं म्हणाल तर नऊ व्होल्ट गुणिले तीन मिलिअँपिअर, म्हणजे सत्तावीस सहस्रांश वॉट. चाळीस वॉटचा एक दिवा लावायला अशा पंधराशे मावश्या लागतील."

मागं कोणीतरी हसलं. तेवढ्यानं मला धीर आला. मी टेबलावरचा फडका वाडग्यात भिजवला, एक टोक पाण्यातच ठेवलं आणि दुसरं पितळी पत्र्यावर सोडलं. काटा पाचच्या पार जाऊन अडला.

"या फडक्याला कुठला आजार होता, बाबा?"

"फडका निष्पाप असतो, बाळ."

आता सगळेच हसले. माझ्यावर.

शेवटचा उपाय म्हणून मी फडका काढला आणि मावशीपुढं खाली बसले. "मावशी, तुझा डावा पाय चांगला आहे ना? तो ठेव."

तिनं हात पुन्हा वाडग्यात घालून तो ठेवला. धडधाकट, कोरडी, राठ टाच. काटा जागचा हलेना. मी तिच्या तोंडाकडं पाहिलं. आता तिला कळेल, कळायलाच हवं. तिचा चेहरा पडला.

"अगंबाई, म्हणजे यालाही लागण झाली," ती म्हणाली. "बाबा, यालाही लावून घ्या हो."

"पुढच्या वेळेपासून दोन्ही पाय," बाबा म्हणाले.

मी उभी राहिले. लोकांकडे वळले. "तुम्ही मला वेड्यात काढा, हरकत नाही. पण घरी जाऊन आरशात तळपाय बघा. काटा काय मोजतो ते आधी विचारा, मग टाळ्या वाजवा. डोळ्यांना जखम वाढलेली दिसत असेल आणि काटा बरं वाटतंय म्हणत असेल, तर डोळ्यांचं ऐका. पट्टी सोडू नका. एवढंच मागते."

"पुढचा नंबर," दारातला स्वयंसेवक म्हणाला. भिंतीपाशी उभा असलेला एकजण बाहेर गेला. बाकीचे बसून राहिले.

मावशी डॉक्टरांकडं आली, पण पटलं म्हणून नाही. "तू रडतेस ते बघवत नाही, म्हणून येते," रिक्षात ती म्हणाली. "बाबांच्या कानावर मात्र घालू नकोस."

डॉक्टरांनी तिला पालथं झोपवलं आणि दिवा जवळ ओढला. मला म्हणाले, "इतके दिवस कुठं होता तुम्ही?" मग जखमेत एक बोथट, बारीक सळई हळूच सरकवली.

"दुखतंय का, मावशी?"

"छे. काहीच नाही. बरा झालाय तो."

सळई टक् करून थांबली. डॉक्टरांनी कातडीच्या पातळीवर चिमटीत धरून ती बाहेर काढली आणि मोजपट्टीला लावली.

खोली अठरा मिलिमीटर. टोक हाडाला टेकलं होतं.