घडी घातलेली फडकी

माझ्या घरात पायपुसणंसुद्धा सरळ रेषेत असतं आणि त्याचा मला अभिमान आहे. त्यामुळे दरवर्षी बागेतल्या सागवानी टेबल-खुर्च्यांना तेल लावून झालं, की आबा, म्हणजे माझे सासरे, ती तेलकट फडकी कुंपणाच्या तारेवर एकेक करून टाकायचे, तेव्हा माझ्या कपाळाला आठी पडायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला काय वाटेल! पण ते जन्माचे सुतार, टेबल-खुर्च्याही त्यांनीच केलेल्या. बोलणार कोण?

यंदा त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर कारभारही.

आबा शेजारी स्टूल टाकून बसले आणि माझ्या डोक्यावर मिरे वाटू लागले. आधी साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. "तारेची घासणी आणू नकोस, लाकूड ओरबाडेल." मग दोन दिवस सावलीत वाळवणं. मग पॉलिश पेपर. "आडवा हात नको गं. लाकडाच्या रेषा जातात तसा जाऊ दे." आणि शेवटी जवसाचं तेल, जुन्या बनियनच्या फडक्यानं, अगदी पातळ. पाव तासानं दुसऱ्या फडक्यानं जास्तीचं टिपून घ्यायचं. राखाडी पडलेल्या टेबलातून तांबूस रंग वर आला, तेव्हा मी खरंच हरखले. म्हटलं, आता तरी कौतुक होईल.

"पायांच्या तळाला लावलंस का?" आबा म्हणाले. "पाणी तिथूनच चढतं."

शेवटची खुर्ची उरली आणि तेल संपलं. दुपारचे बारा वाजून गेले होते, पाठीचा काटा ढिला झाला होता आणि आबांचं चालूच होतं. माझा तोल गेला. "आबा, तुम्ही आता जाऊन गप्प झोपा बघू! दोन दिवस नुसता घोषा लावलाय."

आबा तसेच उठले आणि मागच्या अवजारांच्या खोलीत गेले. तिथल्या खाटेवर ते रोज दुपारी तासदोन तास झोपतात.

मी पसारा आवरला. आठ फडकी होती. प्रत्येकाची चौपदरी घडी घातली, एकावर एक दाबून खोक्यात बसवली आणि खोकं आबांच्या खाटेखाली सरकवलं. ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. तारेवरचं ते दळिद्री दृश्य यंदा टळलं म्हणून मी स्वतःवरच खूश होते. जेवले, भांडी घासली आणि अडीचच्या सुमाराला स्कूटर काढून तेल आणायला गेले.

रंगाच्या दुकानातल्या काकांनी बाटली समोर ठेवली आणि सहज विचारलं, "आधीच्या फडक्यांचं काय केलंत?"

"छान घड्या घालून ठेवली," मी म्हटलं. "खोक्यात."

काकांचा हात बाटलीवरच राहिला. "ताई, ती पेटतात. काडी न लावता. हे तेल सुकताना तापतं. फडकं पसरलेलं असलं तर उष्णता हवेत जाते, दाबून ठेवलं तर आतल्या आत वाढत राहते. घरी कुणी आहे?"

बाटली तिथेच टाकून मी बाहेर पळाले. आबांना फोन लावला. वाजत राहिला. मग आठवलं, तो स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि मीच लावला होता.

घरापर्यंत दहा मिनिटं लागतात. वाटेत दोन सिग्नल लाल मिळाले. दुसऱ्या सिग्नलला मी मोठमोठ्यानं रडत होते आणि शेजारचा गाडीवाला काच वर करत होता. त्यांच्याशी शेवटचं बोलले ते 'गप्प झोपा', हेच डोक्यात फिरत होतं. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

फाटक ढकललं. धूर नव्हता. अवजारांच्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खाट रिकामी होती आणि आबा नळापाशी उकिडवे बसून डाव्या हातानं एकेक फडकं बादलीत बुडवत होते. प्लास्टरचा हात त्यांनी भिजू नये म्हणून वर धरला होता.

मी तिथेच पायरीवर बसले.

"मधली दोन चांगलीच गरम झाली होती," आबा म्हणाले. "इस्त्री केल्यासारखी. घड्या मात्र झकास होत्या."

"आबा, मला खरंच माहीत नव्हतं हो."

"कसं असणार? मी सांगितलं कुठे?" त्यांनी फडकं पिळायचा प्रयत्न केला, एका हातानं जमेना, म्हणून मी ते घेतलं. "हाताखाली आलेल्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हे सांगायचो. तुला रेषा सांगितल्या, पायांचे तळ सांगितले आणि हेच राहिलं. तुला सगळं येतंच असं धरून चाललो मी. चूक माझी."

मला पुन्हा रडू आलं, पण या वेळी बरं वाटत होतं. ते समोर होते, बोलत होते, नेहमीसारखे नाक ओढत होते. त्यांच्या धोतराला खोचलेला चष्मासुद्धा मला त्या क्षणी फार आवडला.

"पण तुम्हाला कळलं कसं? दुपारी तर तुम्ही ढाराढूर झोपता."

आबा जरा ओशाळले. "झोप कसली लागतेय? मला गप्प झोपा म्हणालीस ना. पडल्या पडल्या तुला काय काय सुनवायचं ते जुळवत होतो. तेवढ्यात खालून करपट वास आला."

"म्हणजे मी ओरडले नसते तर..."

"तर मी घोरत असतो."

हातातलं फडकं पुन्हा बादलीत बुडवलं. मी म्हटलं, "आबा, यापुढे मी तुम्हाला रोज ओरडत जाईन."

"ते तू ओरडतेसच," ते म्हणाले आणि उठण्यासाठी डावा हात माझ्यापुढे केला.