शेवटची मागणी

औद्योगिक संबंधांच्या पेपरात मी नापास झाले. कामगार संघटनेच्या सेक्रेटरीची मुलगी नेमकी त्याच विषयात आपटली म्हटल्यावर आईला हसू आवरेना. सर म्हणाले, "हे उत्तर नाही, गेटवरचं भाषण आहे." पुन्हा नापास झाले तर कॉलेज नाव काढून टाकणार होतं, त्यामुळे मला काही हसू येत नव्हतं.

बाबा म्हणाले, "खडूसकडे जा."

खडूस म्हणजे बाबांच्या पंप कारखान्यातले निवृत्त कार्मिक अधिकारी. वाटाघाटींना मालकाच्या बाजूने तेच बसायचे. बाबा त्यांच्याशी नोकरीभर भांडले. त्यांचं नाव काढलं तरी दूध नासेल, असं आई म्हणायची.

"बाबा, तुम्ही बरे आहात ना?"

"आपली बाजू तुला पाठ आहे. दुसरी कोण शिकवणार?"

तोंड वाकडं करतच गेले. खडूस साहेबांनी मला जेवणाच्या टेबलाशी समोर बसवलं. "आज तू मालक. मी तुझे बाबा." मग चष्म्याची डबी आपटून त्यांनी हुबेहूब बाबांच्या आवाजात पगारवाढ मागितली. मालकाची कड घेताना मी सारखी बाबांचीच वाक्यं बोलून जायचे, पण हळूहळू कलमं डोक्यात शिरू लागली. एके काळी संप हाच गुन्हा होता, काम सोडणाऱ्याला तुरुंगात टाकत. मग संघटनेला मान्यता मिळाली, मग तडजोडीसाठी सरकारी मध्यस्थ. संपाची आगाऊ नोटीस मला नुसता खोडा वाटायची. समोर बसल्यावर कळलं, दोन्हीकडची डोकी थंड व्हायलाही वेळ लागतो.

एक दिवस 'कामगार कोण' ही व्याख्या आली. व्यवस्थापनातली माणसं तिच्यात बसत नाहीत. मी खवचटपणे विचारलं, "मग तुम्हालाच काढलं असतं तर?"

"काढलं होतं," साहेब म्हणाले.

मालक ठरलेल्या करारातून मागे फिरायला लागले होते. दिलेला शब्द पाळा, असं साहेबांनी सुनावलं, तर मालकांनी त्यांनाच घरी बसवलं. कामगार न्यायालयाचं दार त्यांना बंद होतं. पुढे संपाच्या धाकाने मालक सहीला तयार झाले, पण ऐनवेळी बाबांनी पेन खाली ठेवलं. समोरच्या खुर्चीत साहेब आल्याशिवाय सही नाही.

"मालक म्हणाले, 'तो तुमचा सभासद नाही. कायद्यात तुम्हाला हा हक्क नाही.' तुझे बाबा म्हणाले, 'नाही म्हणूनच मागतोय. असता तर घेतला असता.'" साहेबांनी चष्मा पुसला. "सगळा इतिहास एवढाच आहे, पोरी. बाकी तारखा."

साहेबांना परत घेतलं, मगच सही झाली. घरी बाबांनी यातलं चकार शब्दाने सांगितलं नव्हतं.

फेरपरीक्षा तोंडी होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी कामगार कायद्यांचा इतिहास विचारला आणि माझ्या सगळ्या तारखा उडाल्या. मग मी साहेबांचं टेबल आठवलं. म्हटलं, "आज कायद्यात जे आहे, ते कायद्यात नसताना कुणीतरी मागितलं होतं." तिथून एकेक कलम सुचत गेलं, कुणी मागितलं आणि कुणी अडवलं यासकट. बाईंनी मध्ये तोंड घातलं नाही.

पास झाले. साहेबांना सांगायला निघाले, तर बाबा म्हणाले, मीही येतो. साहेबांच्या घरी दोघं सवयीने टेबलाच्या दोन बाजूंना बसले.

"सेक्रेटरी, तेव्हा आभार मानले असते तर लोक म्हणाले असते, साहेब विकला गेला," साहेब म्हणाले. "आज मानतो."

"मी तरी कुठे बोललो?" बाबा म्हणाले. "तुम्ही मिंधे झाला असता तर भांडायचं कुणाशी? आणि न भांडता केलेला करार टिकतो होय?"

मला दोघांचे आभार मानायचे होते. घरून वाक्य जुळवून आणलं होतं. "तुमच्या दोघांमुळे मी," एवढंच म्हटलं आणि रडूच आलं.

टेबलाच्या टोकाची, दोघांच्या मधली खुर्ची तेवढी रिकामी होती.

"बस," दोघं एकदम म्हणाले. वाटाघाटी न करता त्यांचं झालेलं हे पहिलंच एकमत.