तळ्यातले भुंगे

सिहोऱ्याजवळच्या तळ्यात बळीराम आणि त्याची बायको शकु शिंगाडा लावायचे. बळीरामचे आजोबा वर्ध्याकडून इकडे आले, तेव्हापासूनचं हे काम. काही वर्षांपूर्वी तळ्यात पाण्यावर तरंगणारं एक तण शिरलं. लोक त्याला चायनीज झालर म्हणत. ती इतकी दाट पसरली की पाणी दिसेना आणि शिंगाड्याच्या वेलाला वर यायला जागा उरली नाही.

जबलपूरहून वैभवी नावाची संशोधक आली. तिने झालरीत तिळाएवढे काळे भुंगे सोडले. ते फक्त हेच तण खातात, पण तळं मोकळं व्हायला दीड-दोन वर्षं लागतील, तोवर झालरीला हात लावू नका, असं तिने बजावलं.

शकु रोज काठावर जाऊन बघायची. वर्षभर काहीच दिसलं नाही. तुमचे किडे जेवले का, असं गावकरी बळीरामला विचारायचे. आधी तो हसण्यावारी न्यायचा, मग त्याने चौकातून जाणंच सोडलं. थंडी सरता सरता एका कोपऱ्यातली झालर तपकिरी पडली. शकुने त्याला ओढत नेऊन दाखवलं. थंडीने करपली असेल, एवढंच तो म्हणाला.

उन्हाळ्यात शकु लेकीच्या बाळंतपणाला खमरियाला गेली. तेव्हाच सरपंचाने झालर उपसायला मशीन आणायचं ठरवलं आणि बळीरामला विचारलं. तो हो म्हणाला. तळं मोकळं झालं. कित्येक दिवसांनी दिसलेल्या पाण्याकडे तो बघत बसला, आणि बायको खूश होईल म्हणून त्याने लगेच शिंगाड्याची रोपं सांगून ठेवली.

शकु परतली. पाण्याकडे तिने एकदाच पाहिलं. मग काठावरचा वाळलेला ढीग ती उपसू लागली. पोखरलेल्या देठांमध्ये मेलेले भुंगे होते, जिथे हात घालावा तिथे.

"काहून काढू देलं तुमी?"

"लोक हसून राहिले होते, शकु."

हातातला देठ ढिगावर टाकून ती घराकडे वळली.

मशीनमधून निसटलेले तुकडे पाण्यात होतेच. पावसाळ्यात झालर पुन्हा पसरली आणि लावलेली रोपं तिच्याखाली सडली. बळीराम वैभवीकडे गेला. नवे भुंगे मिळतील, पण सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं ती म्हणाली. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा शकु तांदूळ निवडत होती.

"माझ्याच्यानं आता वाट पाहणं होत नाई," ती म्हणाली.

भुंगे आणायला तो गेलाच नाही. जबलपूरच्या गोहलपुरात एका वर्कशॉपमध्ये त्याने काम धरलं. तळं अजून हिरवंगार आहे.