चतुराबाईंचे समाधान

पतीच्या निधनानंतर चतुराबाईंची दोन्ही पुत्रांकडे पाळी लागली होती. एक महिना गारखेड्यात थोरल्या अजिनाथकडे, तर एक महिना शेंद्र्यात धाकट्या कडुबाकडे. प्रत्येक वेळी तीच कपड्यांची पिशवी, तोच रिक्षाचा प्रवास. ही येरझार थांबावी, कुणीतरी एकाने ‘आई, आता इथंच राहा’ असे म्हणावे, एवढी एकच अभिलाषा त्या वृद्ध अंतःकरणात उरली होती.

गारखेड्यातील मुक्काम संपत आला असता लुबना नावाची मानसशास्त्राची विद्यार्थिनी वृद्धांच्या जीवनसमाधानाचे मोजमाप करण्यास आली. तिने एक-एक वाक्य वाचावे. ते मुळीच पटत नसेल तर एक आणि पूर्णपणे पटत असेल तर सात, असा आकडा चतुराबाईंनी सांगावा, अशी रीत होती.

“‘माझे आयुष्य मला हवे तसे चालले आहे.’ आजी, किती लिहू?”

स्वयंपाकघराच्या दारात थोरली सून शीला लाटणे घेऊन उभी होती. चतुराबाईंनी प्रथम तिच्याकडे पाहिले.

“सात लिही, माय. शीला लई जीव लावती.”

“आत्याबाई, काल तर माझ्या भाजीला नावं ठेवीत होत्या की!”

“भाजीला ठेवली, तुला नाय.”

उरलेल्या वाक्यांनाही सातच मिळाले.

मोजमाप भरवशाचे आहे की नाही, हे ताडून पाहण्यासाठी पंधरा दिवसांनी तेच प्रश्न पुन्हा विचारणे आवश्यक होते. तोवर चतुराबाई शेंद्र्यास गेल्या होत्या. कारखान्यातून परतलेला कडुबा समोरच खाटेवर बसला होता.

“सातच लिही. कडुबासारखा लेक नाय कुनाचा.”

लुबना हरखली. “भाऊ, आकडे हुबेहूब जुळले! जागा बदलली तरी आजींचं समाधान जरासुद्धा हललं नाही.”

तिला निरोप देण्यास चतुराबाई गल्लीपर्यंत गेल्या.

“आजी, खरंच सगळं सात?”

“नाराज हाय म्हनलं तर कोन ठेवून घील, माय?”

लुबना थबकली. आकडे खोडावेत, तर इतके सुरेख जुळलेले उत्तर वाया जाणार होते. तिने प्रश्नावली पिशवीत ठेवून चेन ओढली.

त्याच सायंकाळी कडुबाने थोरल्या बंधूस फोन लावला.

“दादा, आई कुठंबी सारखीच खुश राहती. मॅडमनं मोजून सांगितलं.”

“कुठंबी?”

“व्हय. कुठंबी.”

“मग आपल्याकडंच कशाला, कडुबा?”

“मीबी तेच म्हनतो.”

पुढील महिन्यात रिक्षा गारखेड्याकडे वळलीच नाही. ती दौलताबादच्या रस्त्याला लागली आणि एका वृद्धाश्रमाच्या फाटकापाशी थांबली.

“आजी, इथं करमेल ना?” व्यवस्थापकांनी मायेने विचारले.

चतुराबाईंनी प्रथम अजिनाथच्या मुखाकडे पाहिले. तो रिक्षावाल्यास थांबण्याची खूण करीत होता.

“करमंल की. सात लिवा.”

व्यवस्थापकांना काहीच उमगले नाही. अजिनाथने मात्र समाधानाने मान डोलावली आणि पिशवी खाली ठेवली.