भाकरीला कसला रोग?

गुरुवारी सकाळी नऊच्या आतच बाजारतळावरचा मांडव भरून जायचा. वडूजकडून टमटम यायच्या, विट्याकडून जीप यायच्या, आणि एकदा तर रहिमतपूरहून अख्खं वऱ्हाड नवरा-नवरीसकट आलं होतं. तीर्थवाले महाराज प्रत्येकाच्या तळहातावर काचेच्या नळीनं दोन थेंब सोडत. थेंब पाण्यासारखे स्वच्छ. मग कर्ण्यावरून आवाज यायचा, "हात उन्हात धरा. ज्याला रोग हाय, त्याचा रोग काळा होऊन भाईर येईल. ज्याला न्हाई, त्याचाबी येईल, कारण त्याला अजून ठावं न्हाई." असं बोलणाऱ्याला हरवणार कोण? अर्ध्या तासात सगळे तळवे काळे पडत, आणि लोक एकमेकांना आपापला रोग दाखवत आनंदानं घरी जात.

शिवांजली हे सगळं समोरच्या माडीच्या खिडकीतून बघायची. अकरा वर्षांची पोर. तिच्या मेंदूत गाठ झाली होती. सांगलीला ऑपरेशन झालं, मग किरणांचा शेक, मग सलाइनमधून औषधं, असं वर्ष गेलं. गाठ गेली, केसही परत उगवू लागले. पण डॉक्टर सुमैरा म्हणाल्या होत्या, "गाठ मारताना तुझ्या रक्तातल्या राखणदारांनाही मार बसलाय. ते थोडेच उरलेत, आणि उरलेत ते जुनी ओळख विसरत चाललेत. लहानपणीच्या लसींनी त्यांना चोर दाखवून ठेवले होते. आता चोर दारात आला तरी ते ओळखतील याची खात्री नाही. नवे राखणदार तयार होईपर्यंत गर्दीत जायचं नाही आणि रोजची गोळी चुकवायची नाही. मग लसी परत टोचू."

म्हणून शाळा नाही, जत्रा नाही, पाहुणे दारातूनच परत. मैत्रीण शाहजादी आधी रोज खिडकीखाली यायची, मग दिवसाआड, आणि आता फक्त गुरुवारी मांडवातून हात हलवायची. वडील मानसिंग दूर मदुराईला गलाईच्या दुकानात, सोनं-चांदी आटवून शुद्ध करायच्या कामाला. गावातल्या निम्म्या घरांतले पुरुष असेच गलाईला गेलेले, वर्षातून एकदा जत्रेला येणारे. शिवांजलीला फार एकटं वाटायचं. ती ते कुणाला सांगत नसे, कारण सांगितलं की आई रडायची.

त्या गुरुवारी आजी धोंडुबाई तपकिरी बाटलीतून तीर्थ घरी घेऊन आली. महाराजांनी बजावलं होतं, बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, ऊन लागलं की शक्ती जाते. आजीनं नातीच्या तळव्यावर थेंब सोडले आणि तिला खिडकीतल्या उन्हात बसवलं. तळवा काळा झाला. आजी तिथंच खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

"अंकिता, गाठीचं मूळ निघालं गं," ती सुनेला म्हणाली. "म्हाराज म्हणलं, आता गोळी न्हाई, सुई न्हाई. फुडल्या गुरवारी पोरीला मांडवात आणा. समदा गाव तिचा हात हातात घेईल."

"पण आत्या, बुधवारी सांगलीला जायचं हाय. रक्त तपासून लसीचं ठरवणार हायत."

"रोग भाईर आल्यावर पोरीला कशाला भोकं पाडायची?"

अंकितानं वर्षभर प्रत्येक सुईला लेकीचा हात धरला होता. ती दमली होती, आणि दमलेल्या माणसाला नाही म्हणायलाही ताकद लागते. त्या संध्याकाळची गोळी डबीतच राहिली.

खरं सांगायचं तर शिवांजली मनातून हरखली. घरची माणसं आणि हातमोजे घातलेल्या नर्सबाई सोडल्या तर वर्षात तिचा हात कुणी धरला नव्हता. आता सगळा गाव धरणार होता. गुरुवारी कोणता ड्रेस घालायचा, ते ती ठरवू लागली.

शनिवारी तिनं तळवा घासून बघितला. डाग साबणानं जाईना, लिंबानं जाईना. तिनं हात डोळ्यांजवळ आणला आणि तो काळा रंग तिला ओळखू आला. पप्पांची बोटं. जत्रेला आले की त्यांच्या बोटांवरचा असलाच डाग ती घासत बसायची, आणि ते म्हणायचे, "घासून जायाचा न्हाई, कातडी बदलली की जाईल."

दोन दिवस ती गप्प राहिली. बोललं तर गुरुवार हातचा जाणार होता. पण दर गुरुवारी मांडवात शेंबडी पोरं एकाच पेल्यानं पाणी पिताना तिनं बघितली होती, आणि डॉक्टरांचे राखणदार आठवत होते. सोमवारी संध्याकाळी वडिलांचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तिनं तळवा मोबाइलसमोर धरला.

"कशात घातलास गं हात?" मानसिंगनं विचारलं.

"पप्पा, तुमची बोटं कशानं काळी होत्यात?"

"चांदी तेजाबात विरघळती. मग पाण्यावानी दिसती. कातडीला लागून ऊन लागलं की काळी पडती, कुणाच्याबी कातडीला. म्हणून तर ते पाणी तपकिरी बाटलीत ठेवत्यात." त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ घेतला. "तुला कुणी लावलं ते?"

तिनं महाराजांचं आणि डबीतच राहिलेल्या गोळ्यांचं सांगितलं. "मी हितं बसलोय," तो म्हणाला, "आन् माज्याच धंद्यातलं पाणी लावून कोण माज्या पोरीची औषधं बंद करतंय."

बघा म्हणजे. गाव गलाईवाल्यांचा, आणि गावाला गलाईचाच डाग ओळखू आला नाही. ओळखणारे मुलूखभर पांगलेले. मागे राहिलेल्यांना त्यांचे हात वर्षातून आठ दिवस दिसायचे, तेही जत्रेच्या गडबडीत. महाराज स्वतः पूर्वी गलाईच्या दुकानात कामाला होते, हे नंतर कळलं.

मंगळवारी शिवांजलीनं आजीला खिडकीत बोलावलं. ताटात शाळूची पांढरी भाकरी होती. तिनं बाटलीतले दोन थेंब भाकरीवर सोडले आणि दोघी उन्हात बसून राहिल्या. हळूहळू भाकरीवर काळा डाग उठला.

"आज्जी, भाकरीला कसला रोग झालाय?"

आजीनं भाकरी उचलून डाग नखानं खरवडून बघितला. "सकाळीच थापलीया मी," ती हळूच म्हणाली. मग उठली आणि गोळ्यांची डबी घेऊन आली. "अंकिता, गाडीचं बघ. उद्या सांगलीला जायचं."

सांगलीला डॉक्टर सुमैरांनी रक्त तपासलं. राखणदार वाढू लागले होते. दोन लसी तेव्हाच टोचल्या. "कांजिण्यांची लस मात्र जिवंत जंतूंची असते," त्या म्हणाल्या. "ती आत्ता देता येणार नाही. अजून तीन महिने सांभाळायचं." येताना गाडीत शिवांजली खिडकीकडे तोंड करून रडली, आणि तिला कुणी गप्प केलं नाही.

गुरुवारी धोंडुबाई एकटीच मांडवात गेली. शिवांजलीला खिडकीतून नीट दिसत नव्हतं, पण कर्णा चालू होता.

"आवं म्हाराज, समद्या गावाचं हात काळं. तुमचाच कसा पांढरा?"

"आमाला रोग न्हाई, माई."

"न्हाई त्यालाबी येतो म्हणला हुता की." मग गलका झाला. आजीनं महाराजांच्या तळव्यावर बाटली उपडी केली होती आणि मनगट धरून ठेवलं होतं. जन्मभर उसाच्या मोळ्या बांधलेला हात तो. "बसा माज्याजवळ उन्हात. मला घाई न्हाई."

थोड्या वेळानं मांडव हसायला लागला. महाराज काळा हात शालीत लपवून जीपकडे निघाले तेव्हा आजी माइकपाशी गेली. "ही गलाईतली चांदी हाय, माज्या लेकानं सांगितलं. गड्यांनो, डोळ्यानं बघितलं ते खरं, पर ते का झालं त्ये इचारा. लेकरांच्या गोळ्या बंद करू नका. कोण रोग काढतो म्हणला, तर त्याला आधी भाकरीवर काढून दाव म्हणा."

दोन आठवड्यांनी गावात पोरांना कांजिण्या आल्या. जी आजारी पडली ती सगळी मांडवात जाणारी. शाहजादीलाही आल्या. ती पोरं खाजवत, कुरकुरत बरी होणार होती. शिवांजलीच्या बाबतीत तशी खात्री डॉक्टरांनाही देता आली नसती.

तोवर तळव्याचा डाग कातडीबरोबर निघून गेला होता. नवे राखणदारही तसेच आतल्या आत तयार होत होते, कुणाच्या तीर्थावाचून. त्याला वेळ लागतो. वाट बघून थकलेल्यांनाच असले महाराज गाठतात, म्हणून थकलेल्या माणसाला एकटं सोडू नये आणि त्याची गोळी चुकू देऊ नये.

एका दुपारी शाहजादीचा फोन आला. ती खोलीत एकटीच होती, कुणी जवळ येत नव्हतं.

"मला तिसऱ्याच दिवशी रडू आलं गं," ती म्हणाली. "तू वरीसभर कशी ऱ्हायलीस?"

हे शिवांजलीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिनं खुर्ची खिडकीशी ओढली आणि पहिल्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.