कानामागचा डाग

पाचवं पिल्लू निघालं, पांढऱ्यांतलं तिसरं, तेव्हा धाकट्याने हातातला टॉवेल भिंतीवर भिरकावला. कबरी कुत्री दचकली, पण कळा चालू होत्या, उठून जाणार कुठे? राखाडी अंगावर काळे शिंतोडे, अशी ती देखणी कुत्री त्याने मोठ्या हौसेने आणली होती. हल्ली लोकांना कबरीच पिल्लं हवी असतात. दोन कबरी एकत्र आणायची नसतात, एवढं या धंद्यात सगळ्यांनाच माहीत असतं, म्हणून नर त्याने काळा निवडला होता. पिल्लं काळी तरी व्हायला हवीत, नाहीतर कबरी. पाचांत तीन पांढरीफटक, नाकं गुलाबी, ही काय भानगड?

उत्तर शोधायला त्याला क्षणही लागला नाही. कुंपणापलीकडे थोरल्या भावाचं घर होतं आणि थोरल्याकडे एक पांढरं कुत्रं होतं.

त्या कुत्र्यावर त्याचा राग जुना होता. नऊ वर्षं ते फाटकाच्या आत ऊन खात पडलेलं असायचं. हाड हाड करून घसा बसला तरी मान म्हणून वळवायचं नाही. मालकासारखंच माजलंय, असं धाकटा बायकोला ऐकवायचा. थोरला तर माजलेला वगैरे काहीच नव्हता. घड्याळं दुरुस्त करणारा, दिवसभर टेबलावर वाकून बसणारा गप्प माणूस होता तो. पण एकदा एखाद्यावरून डोक्यात राख घालून घ्यायची म्हटली की कारणांना काय तोटा!

धाकट्याने कोपऱ्यातला लोखंडी गज उचलला. बायको, "अहो, कुठे निघालात?" म्हणेपर्यंत तो भावाच्या फाटकातून आत शिरला होता.

कुत्रं त्याच्याकडे पाठ करून झोपलं होतं. फाटक वाजलं, पावलं वाजली, तरी हललं नाही. त्याने पहिला घाव पाठीवर घातला. कुत्रं किंचाळत पुढच्या पायांवर उठलं, मागचं अंग मात्र जमिनीलाच राहिलं. तसंच फरपटत ते दाराकडे निघालं. दुसरा घाव खांद्यावर बसला. तोवर थोरला बाहेर धावत आला. बारीक कामाचं भिंग अजून त्याच्या कपाळावर चढवलेलं होतं.

"अरे, ऐक तरी. ऐक माझं."

धाकट्याला ऐकायचं नव्हतं. त्याने गज पुन्हा उगारला आणि थोरल्याने हात मध्ये घातला. उजवा हात. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. थोरला मनगट पोटाशी धरून खाली बसला, आणि धाकट्याने, हो, तेवढ्यानेही न थांबता, चौथा घाव कुत्र्याच्या डोक्यात घातला. त्यानंतर ते हललं नाही.

"आता ये म्हणावं माझ्या कुत्रीजवळ," तो धापा टाकत म्हणाला.

घरी येऊन त्याने बादली नळाखाली लावली. पांढरी पिल्लं त्याला घरात नको होती. पण बायकोने पिल्लांची टोपली उचलून खोलीत नेली होती आणि आतून कडी घातली होती. चौदा वर्षांत तिने त्याच्यासमोर कधी दार लावलं नव्हतं. त्याने लाथा घातल्या. दाराची खालची फळी फुटली, पण तिने आतून पाठ लावून दार धरून ठेवलं.

"आज एक मारलंत," ती आतून म्हणाली. "तेवढं पुरे."

बादली भरून वाहत राहिली. शेवटी त्यानेच नळ बंद केला.

थोरल्याने पोलिसांत तक्रार केली नाही. हाडांच्या डॉक्टरला त्याने पायरीवरून पडलो असं सांगितलं. कुत्र्याला अंगणातच पुरलं, डाव्या हाताने खड्डा खणायला त्याला संध्याकाळ झाली. धाकट्याने ते कुंपणाआडून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, गुन्हा कबूल असल्याशिवाय माणूस इतका गप्प बसत नाही. गल्लीभर तो हेच सांगत फिरला.

तीन आठवड्यांनी पिल्लांना औषध पाजायला गुरांची डॉक्टरीण आली. ती दूर राहायची. इथे नुकतं काय घडलं ते तिला ठाऊक नव्हतं. तिने पिल्लांच्या पाठीमागे किल्ल्यांचा जुडगा वाजवला. दोघा काळ्यांनी माना वळवल्या. तिघं पांढरी तशीच एकमेकांच्या अंगावर लोळत राहिली. तिने पुन्हा वाजवला. मग एकेकाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली आणि नर कोणता म्हणून विचारलं.

"नर माझा काळा. पण मध्येच शेजारच्या पांढऱ्याने घाण केली," धाकटा म्हणाला.

"त्याने? त्याला मीच खच्ची केलंय. आठ वर्षं झाली."

डॉक्टरीण पिल्लू तळहातावर घेऊन समजावत राहिली. कबरेपणा आईबापांपैकी एकाकडून आला तर अंग देखणं होतं. दोघांकडून आला तर पिल्लाचा रंगच उडतो, आणि रंगाबरोबर कानही जातात, कधी डोळेही. ज्या पेशी केसाला रंग देतात, त्याच कानाच्या आतही लागतात. ही तिघं दोन कबऱ्यांचीच.

"तुमच्या काळ्याच्या अंगावर कुठे राखाडी डाग आहे का? एवढासा असला तरी पुरतो."

"नाही," तो म्हणाला.

बायको दारात उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, त्याच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडा अजून काळ्या होत्या. डाग होता. डाव्या कानामागे, वालाच्या दाण्याएवढा. एकसारखा काळा नर दिसायला रुबाबदार, म्हणून दर महिन्याला स्वतःच्या मिशांना कलप लावला की उरलेला तो त्या डागावर लावायचा. इतके महिने लावला, की कुत्रं काळंच आहे असं त्याला खरंच वाटायला लागलं होतं.

"शेजारचा म्हातारा कुत्राही यांच्यासारखाच," डॉक्टरीण बॅग आवरत म्हणाली. "जन्मापासून ठार बहिरा. तुमच्या भावांना तो रस्त्यावर सापडला. फार जपतात त्याला. कसा आहे तो हल्ली?"

बायको दारातून आत निघून गेली.

डॉक्टरीण गेल्यावर धाकट्याने काळ्याला गुडघ्यांत धरलं आणि कात्रीने कानामागचे केस मुळापासून कापले. मग ते मुठीत घेऊन तो भावाच्या फाटकातून आत गेला.

थोरला टेबलाशी बसला होता. उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने तो चिमट्यात एक बारीक स्क्रू धरायला बघत होता. स्क्रू सुटत होता. तो पुन्हा उचलत होता. शेजारी लोकांची घड्याळं साचली होती, एकही चालत नव्हतं.

"दादा."

थोरल्याने मान वर केली. धाकट्याने टेबलावर मूठ उघडली. थोरल्याने डाव्या हाताने भिंग डोळ्यावर ओढलं आणि बराच वेळ ते केस पाहिले.

"मुळाशी राखाडी आहेत," तो म्हणाला. गिऱ्हाइकाला घड्याळातला दोष सांगावा त्याच आवाजात.

"हो. मला माहीत होतं."

धाकट्याला वाटलं, आता हा ओरडेल, हातातलं काहीतरी फेकून मारेल. मारावंच त्याने, असंही वाटलं. तो तसाच उभा राहिला.

"पिल्लं आहेत अजून?" थोरल्याने विचारलं.

"आहेत. तिघंही बहिरी आहेत."

थोरल्याने भिंग कपाळावर सरकवलं, पुन्हा चिमटा उचलला आणि स्क्रू शोधू लागला.

"त्यांच्याजवळ पाठीमागून जाऊ नकोस," तो म्हणाला. "घाबरतात ती."